बार्सिलोनाचा समुद्र आणि ज्येष्ठांची पावले



मे महिना जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, मुलाकडे युरोपात निघालो आहोत. तिथल्या समुद्रावर गेलो तर चालेल ना?’ प्रश्न विचारणारे बहुधा पासष्टीच्या पुढचे असतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघे यांपैकी दोन तरी सोबती प्रवासात बरोबर असतात. शेजारी बसलेला मुलगा किंवा सून घाईने सांगते, ‘बाबा वर बाकावर बसतील. आम्ही पाण्यात जाऊन येऊ.’ आणि सहा हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करून गेलेले बाबा चपला आणि पिशव्या राखत बसतात. मला हे मान्य नाही. नीट तयारी केली तर बहुतेक ज्येष्ठांना समुद्राचा आनंद घेता येतो. त्यासाठी आज बार्सिलोनाचे उदाहरण घेऊ.

शहराला लागून असलेला किनारा

बार्सिलोना हे स्पेनमधील भूमध्य समुद्रावरचे मोठे बंदर. १९९२च्या ऑलिंपिकपूर्वी या शहराच्या किनाऱ्याचा मोठा भाग रेल्वेचे रूळ, कारखाने आणि गोदामे यांनी व्यापलेला होता. स्पर्धेच्या निमित्ताने तो मोकळा करण्यात आला, वाळू आणून पसरण्यात आली आणि बार्सेलोनेता, नोव्हा इकारिया, बोगातेल, मार बेया अशा पुळणींची सलग रांग नागरिकांना मिळाली. पुळणीला लागून रुंद व सपाट फरसबंद रस्ता आहे. जागोजागी बाके आणि पाय धुण्याचे नळ आहेत. वाळूवर टाकलेल्या लाकडी फळ्यांच्या वाटांवरून काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन पाण्याच्या बऱ्याच जवळ जाता येते.

आपल्या किनाऱ्यांहून एक मोठा फरक ध्यानात ठेवावा. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरांहून अधिक चढते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही, म्हणून सकाळी मांडलेली खुर्ची संध्याकाळीही त्याच जागी राहू शकते. लाटा आणि प्रवाह मात्र तिथेही असतात. हिरवा झेंडा असेल तर पाण्यात जावे, पिवळा असेल तर ज्येष्ठांनी पावले भिजवण्यावर समाधान मानावे आणि लाल असेल तर पाण्याकडे फिरकू नये.

घड्याळ फसवते

आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. बार्सिलोनात उन्हाळी वेळेमुळे तो जवळपास दोन वाजता माथ्यावर येतो. त्यामुळे ‘चार वाजले, ऊन कलले’ हा आपला हिशेब तिथे चुकतो, कारण तिथले चार म्हणजे उन्हाच्या दृष्टीने आपले अडीच-तीनच. ज्येष्ठांनी सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जावे. जूनअखेरीस सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो, तेव्हा संध्याकाळ भरपूर लांब मिळते.

समुद्रावरच्या वाऱ्यामुळे उकाडा जाणवत नाही, पण शरीरातले पाणी कमी होतच असते. वाढत्या वयात तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडे पाणी प्यावे. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

औषधांची पिशवी

रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड हे औषध मिसळलेले असते. अशा गोळ्यांच्या नावापुढे अनेकदा ‘एच’ हे अक्षर असते. या औषधाने शरीरातले पाणी आणि क्षार कमी होतात, शिवाय त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. खुर्चीतून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे ही पहिली सूचना समजावी. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रवासापूर्वी एकदा सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

मधुमेहींसाठी खरी अडचण तिथल्या जेवणाच्या वेळांची आहे. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या आसपास आणि रात्रीचे नऊच्या सुमारास होते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतले, त्यात पाण्यात चालणेही झाले आणि ताट दोन तास उशिरा आले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोज असावेच. इन्सुलिन उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नये आणि बर्फालाही चिकटू देऊ नये. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी वाळूवर अनवाणी चालू नये. चटका बसल्याचे कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट घ्यावेत आणि परतल्यावर पाय धुऊन, पुसून, तळवे नीट पाहावेत.

पाण्यात उतरताना

जूनच्या आरंभी तिथले पाणी साधारण वीस अंशांचे असते, ऑगस्टमध्ये ते पंचवीसच्या आसपास जाते. थंड पाण्यात एकदम शिरल्यास रक्तदाब वाढतो आणि श्वास अडखळतो. आधी पावले, मग पोटऱ्या, मग हात आणि मान भिजवावी. पाण्याने कंबर गाठली की थांबावे. एवढ्या पाण्यात शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी पेलते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनीही सहज चालता येते. किनाऱ्याला समांतर दहा मिनिटे चालावे, मात्र हाताच्या अंतरावर कोणीतरी असावे. भरपेट जेवणानंतर किंवा मद्य घेतल्यावर पाण्यात जाऊ नये. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, पायावर उघडी जखम असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर या खेपेस काठावरूनच समुद्र पाहावा.

ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. नोव्हा इकारिया पुळणीवर उन्हाळ्यात साहाय्यासह समुद्रस्नानाची सोय असते. रुंद, तरंगत्या चाकांच्या खुर्चीत बसवून प्रशिक्षित कर्मचारी व्यक्तीला पाण्यात नेतात. तिचे दिवस आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. पक्षाघातानंतर वर्षानुवर्षे केवळ बादलीतल्या पाण्याने अंग पुसून घेणाऱ्या माणसाला लाट अंगावर येण्याचे सुख काय असते, हे त्याच्या घरच्यांनी एकदा पाहावे.

जेलीफिशचा स्पर्श होऊन आग झाली, तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोडे पाणी वापरू नये, चोळू नये आणि जीवरक्षकांच्या चौकीवर जावे. उन्हात डोके दुखणे, मळमळ किंवा अशक्तपणा जाणवला तर सावलीत आडवे करून अंग ओले करावे आणि पूर्ण शुद्धीवर असल्यास घोट-घोट पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपत चालली, तर तोंडाने काहीही न देता लगेच ११२ या क्रमांकावर फोन करावा. हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो.

सोबत जाणाऱ्यांना विनंती

आपण काळजीपोटी ‘नको’ म्हणतो आणि ज्येष्ठ मंडळी ओझे व्हायला नको म्हणून ‘मला इथेच बरे वाटते’ असे सांगतात. दोन्ही बाजूंनी प्रेमच असते, पण त्यातून एक माणूस बाकावर एकटा उरतो. निघण्यापूर्वी त्यांना नीट विचारा : ‘तुम्हाला पाण्यात यायचे आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर दिवसातला पहिला तास त्यांचा ठेवा. पिशव्या राखण्याचे काम आळीपाळीने करा. आणि आई-बाबांनो, मनात असेल तर ‘हो’ म्हणायला संकोचू नका.