कचरा कुठे जाईल, हे विचारून मत द्या

महापालिकेची निवडणूक जवळ आली की प्रभागातल्या खांबाखांबावर हसरे चेहरे झळकू लागतात. खाली रस्ते, गटारे, उद्याने, आरोग्य शिबिरे असा कामांचा पाढा असतो. प्रभागातली हवा कशी आहे आणि ती सर्वाधिक कोणाच्या छातीत जाते, याचा उल्लेख मात्र त्यात सहसा नसतो. पर्यावरण हा सुखवस्तूंच्या आवडीचा विषय आणि सामाजिक न्याय हा सभेतल्या भाषणाचा, अशी वाटणी होऊन गेली आहे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाकडे पाहिले की ही वाटणी किती खोटी आहे ते कळते.

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीचेच उदाहरण घ्या. १९२७पासून शहराचा कचरा इथे येत आला. तिच्या कडेला गोवंडीतील शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या वस्त्या उभ्या राहिल्या. मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात तळाला असलेला एम पूर्व विभाग तो हाच. जानेवारी २०१६मध्ये इथले कचऱ्याचे डोंगर पेटले. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, महापालिकेच्या अनेक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत साऱ्या शहराला देवनारची आठवण झाली. वस्तीतल्या लोकांना मात्र ते विसरण्याची सोयच नाही.

कचरा का पेटतो, यामागचे शास्त्र अवघड नाही. ओला आणि सुका कचरा एकत्र टाकून वर थर चढत गेले की आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. मग एक ठिणगी पुरते आणि आतली धग दिवसेंदिवस विझत नाही. प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी रसायने बाहेर पडतात. त्यांच्यासोबत ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण असतात. ते फुप्फुसांच्या खोलवर पोहोचतात, काही रक्तातही उतरतात. दमा, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार आणि पक्षाघाताशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून सांगते. भारताचे मानक ४०चे आहे.

हे कण गरीब-श्रीमंत पाहत नाहीत हे खरे, पण शरीरावरचा भार सारखा नसतो. कोंदट खोलीत राहणारे, दिवसभर उघड्यावर राबणारे, अपुरे खाणारे लोक आधीच दुबळे झालेले असतात. गोवंडी परिसरातील पुनर्वसन इमारतींच्या पाहणीत, जिथे प्रकाश आणि खेळती हवा कमी अशा खालच्या मजल्यांवर क्षयाचा धोका अधिक आढळला. म्हणजे घर मिळाले, पण त्यासोबत आजारही मिळाला.

माहुलची कहाणी याच जातीची. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या. शहराच्या पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक होते. पण तिथल्या कुटुंबांना माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे देण्यात आली. त्या परिसरातील हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच म्हटले होते. अखेर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, या कुटुंबांना माहुलला जाण्याची सक्ती करू नये आणि पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. शहराचे पाणी सुरक्षित करताना काही हजार माणसांची हवा हिशेबातच धरली गेली नव्हती.

म्हणून ‘पर्यावरणवादी’ किंवा ‘गरिबांचा कैवारी’ अशा एका बिरुदावर उमेदवार पारखता येत नाही. ‘डम्पिंग ग्राउंड हटवू’ हे आश्वासन टाळ्या मिळवते. पण हटवून नेणार कुठे? मुलुंडची कचराभूमी २०१८मध्ये बंद झाली. आज मुंबईचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो आणि दुर्गंधीच्या तक्रारी भांडुप, विक्रोळीतून येतात. कचरा वेचून पोट भरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. शहराचा सुका कचरा पुनर्वापराला जातो त्यात मोठा वाटा त्यांच्याच हातांचा आहे. ओला-सुका कचरा घरातच वेगळा झाला आणि ओल्याचे खत किंवा गॅस प्रभागातच झाला, तर डोंगर वाढत नाही आणि वेचणाऱ्यांना स्वच्छ, सुरक्षित काम देता येते. २०१६च्या घनकचरा नियमांनीही वर्गीकरण बंधनकारक केले होते. अडले ते अंमलबजावणीवर, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठीच नगरसेवक निवडला जातो.

हे नगरसेवकाचे काम नव्हे, असे सांगणाऱ्या उमेदवाराला राज्यघटनेची बारावी अनुसूची दाखवावी. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या यादीत नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत. त्यांत सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन, पर्यावरणाचे संरक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे सारे आहे. ज्यांची वाटणी केली जाते ते दोन्ही विषय घटनेने एकाच यादीत ठेवले आहेत.

उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातून गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण कळते. मतदाराला तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे मिळाला. पण या माणसाला कोणाच्या श्वासाची काळजी आहे, हे त्यात दिसत नाही. ते प्रश्न विचारूनच कळेल. पूर्वी नगरसेवक असेल, तर सभागृहात त्याने कोणते प्रश्न मांडले? प्रशासन दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडते, त्यावर तो कधी बोलला का? प्रभाग निधीतला पैसा फरसबंदी पुन्हा पुन्हा उखडण्यात गेला की दवाखान्यात आणि शौचालयांत? नवखा असेल, तर प्रभागातल्या सर्वांत वाईट गल्लीत तो निवडणुकीआधी कधी गेला होता? बांधकामाची धूळ, झाडांची तोड, नाल्यात सुटणारे सांडपाणी यांविरुद्ध त्याने कधी कोणाशी वाकडे घेतले का?

नळाला पाणी नसताना हवेची चर्चा कोण करणार, असा सवाल येईल. तो रास्त आहे. पण ज्या वस्तीला पाणी अपुरे मिळते, बहुधा तिथेच नाला तुंबतो, कचरा साचतो आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव कासावीस होतो. हे वेगवेगळे प्रश्न नाहीत. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या समानतेच्या आणि जीविताच्या हक्कांतच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये मान्य केले. ही समानता प्रत्यक्षात उतरते ती प्रभाग पातळीवर.

तेव्हा मते मागायला कोणी दाराशी आले, तर एकच प्रश्न पुरे: आमच्या दारातून उचललेला कचरा कुठे जातो आणि तिथे कोण राहते? ज्याला या प्रश्नाचे दोन्ही भाग माहीत आहेत आणि दुसऱ्या भागाने जो अस्वस्थ होतो, तो उमेदवार विचारात घेण्याजोगा. उरलेल्यांचे पत्रक ओल्या कचऱ्यात टाकू नका. तो सुका कचरा आहे.