‘मणक्यात गॅप’: थांबायचे कधी, धावायचे कधी?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कंबर धरून चालणाऱ्या कुणालाही विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘मणक्यात गॅप आहे.’ हा शब्द रुग्णाच्या, नातेवाइकांच्या आणि काही वेळा डॉक्टरांच्याही तोंडी इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. प्रत्यक्षात घडते ते उलट. दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, कमी होते. पण ‘गॅप’ म्हटले की मणके सुटे झाल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. मग माणूस पट्टा बांधतो, वाकणे बंद करतो आणि अंथरूण धरतो. अर्धे दुखणे शरीराचे आणि अर्धे या भीतीचे असते.

दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ. वयानुसार चकतीतले पाणी कमी होते, कड्याला चिरा पडतात आणि कधी तरी गर बाहेर सरकून शेजारच्या नसेला टेकतो. नस नुसती दबत नाही, तिला सूजही येते, आणि कळ येण्यात या सुजेचा वाटा मोठा असतो. कंबरेतल्या तळाच्या दोन चकत्यांवर भार सर्वाधिक, म्हणून बहुतेक दुखणी तिथली. कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत आणि पावलात उतरते. हाच सायटिका. मानेतली नस दबली, तर मुंग्या खांद्यातून बोटांपर्यंत येतात. सरकलेली चकती आणि सायटिका यांचे नाते मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये स्पष्ट केले. शस्त्रक्रियेची वाट तेव्हा रुंद झाली.

पण त्यानंतरच्या अनुभवाने आणखी एक गोष्ट शिकवली : बाहेर आलेला गर शरीर बरेचदा स्वतःच शोषून घेते. बहुतेक रुग्णांची कळ ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट करून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला थांबवले. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, हे खरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही खरे. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. म्हणजे कळ सोसत नसेल, तर शस्त्रक्रिया हा चांगला उपाय आहे. मात्र ‘आता केली नाही, तर कायमचे अपंगत्व’ ही धमकी बहुतेकांच्या बाबतीत खोटी आहे.

ही भीती वाढवण्यात घाईने काढलेल्या एमआरआयचा हात असतो. ज्यांना काहीही त्रास नाही, अशा लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली दिसली. केसांच्या पिकण्यासारखाच हा वयाचा भाग. त्यामुळे अहवालातली फुगलेली चकती आणि रुग्णाची कळ यांची गाठ पायाची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासूनच घालावी लागते. दोन्ही तळपायांना जळजळ आणि मुंग्या असतील, तर कारण मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. तिथे मणक्याची शस्त्रक्रिया करून काय साधणार?

दुसरीकडे, ज्यांनी एक दिवसही थांबू नये, ते मात्र घरी थांबतात. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा असतो. तो पूर्ण दबला, की लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा सुटतो आणि सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर होतो. हे सांगायची लाज वाटते, म्हणून रुग्ण, विशेषतः स्त्रिया, गप्प राहतात. अशा वेळी ४८ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया व्हावी लागते. उशीर झाला तर लघवीची नळी जन्माची सोबतीण होऊ शकते. चालताना पंजा उचलला जात नाही, चप्पल पायातून निसटते, हीही तातडीची खूण. मानेच्या बाबतीत शर्टाची बटणे लावता न येणे आणि चालताना झोकांड्या जाणे, म्हणजे नस नव्हे, मज्जारज्जूच दबत असल्याची शंका. अशा माणसाने न्हाव्याकडून मान कडकड मोडून घेणे म्हणजे आगीशी खेळ. आणि पाठदुखीसोबत ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असेल, तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. तो औषधांनी बरा होतो, पण वेळेत ओळखला तर.

या खुणा नसतील, तर उपचार साधा आहे : एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नये, झेपेल तसे चालावे, थोड्या दिवसांसाठी वेदनाशामक घ्यावे आणि कळ उतरू लागली की फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम नियमित करावेत. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामकांचा महिनोन् महिने मारा मूत्रपिंडांना आणि जठराला महागात पडतो. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी तर तो टाळावाच.

उपचार साधा असला, तरी इथल्या माणसाला तो पाळणे सोपे नाही. डोंबिवलीहून मुंबई गाठणारा प्रवासी गर्दीच्या वेळी अंग वळवायलाही जागा नसलेल्या डब्यात तासभर उभा असतो. रिक्षाचालक दिवसभर खड्ड्यांतले हादरे बसल्या जागी झेलतो. सततच्या हादऱ्यांचा आणि कंबरदुखीचा संबंध अभ्यासांनी दाखवला आहे. ‘रोज अर्धा तास फिजिओथेरपी घ्या’ असे चिठ्ठीवर लिहिणे सोपे. पण सरकारी आणि पालिका रुग्णालयांतली ओपीडी मुख्यतः सकाळची आणि तेव्हा हा रुग्ण गाडीत असतो. मग तो रजा वाचवण्यासाठी एकच इंजेक्शन, एकच एमआरआय, एकच शस्त्रक्रिया असा झटपट मार्ग शोधतो. त्याच्या घाईला केवळ अज्ञान जबाबदार नाही.

म्हणून ठाण्याचे सिव्हिल, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय अशा ठिकाणी संध्याकाळी उशिरापर्यंत फिजिओथेरपी मिळायला हवी. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री एमआरआयच्या तुलनेत नगण्य आहे. लागतात ती प्रशिक्षित माणसे आणि सोयीची वेळ. मालकांनीही अशा कामगाराला सहा आठवडे वजन उचलण्यापासून सूट आणि गर्दी टाळणारी पाळी दिली, तर त्यांचीच रजा वाचेल. आणि तातडीच्या खुणांचा फलक प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर, ठळक मराठीत आणि लाज न बाळगता लावला जावा. कळ कितीही मोठी असली, तरी ती बहुतेकदा वेळ देते. लघवी अडली, खालचा भाग बधिर झाला किंवा पायातले बळ गेले, तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठायला हवे.