हॉस्पिटलचा दरफलक दिसतो, सिस्टरचा पगार कुठे दिसतो?

खरवई (ता. अंबरनाथ) : खरवईत कुणी आजारी पडलं की पहिली धाव बदलापूरच्या खासगी हॉस्पिटलकडे असते. खिसा रिकामा असेल तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. आणि याच पट्ट्यातल्या घरांतून सिस्टर, मावश्या, वॉर्डबॉय पाळीनुसार ड्युटीला निघतात. त्यामुळे हॉस्पिटल आपल्या माणसांना कसं वागवतं हा प्रश्न इथे पेशंटचाही आहे आणि कामगाराचाही.

पेशंटला काय दाखवायचं ते राज्याने ठरवून दिलंय. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. तेव्हापासून खासगी हॉस्पिटलने रुग्ण हक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. फलक कोपऱ्यात, झाडाच्या कुंडीमागे असला तरी मागता येतो. पण कर्मचाऱ्यांना किमान वेतन मिळतं का, पीएफ भरला जातो का, हे पेशंटला दाखवा असं या नियमांत नाही.

यात पेशंटचं काय जातं? बरंच जातं. कमी पगारावर दोन-दोन पाळ्या करणारी सिस्टर पहाटे चारला सलाईन बदलते तेव्हा चूक होण्याची भीती वाढते. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा डॉक्टर-नर्स पुरेसे होते का, असं ठाणे जिल्हाभर विचारलं गेलं. हा प्रश्न दुर्घटनेनंतरच विचारायचा असतो असं थोडंच आहे!

पगाराचा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. २०१६ मध्ये कोर्टाने सांगितल्यावर केंद्राने समिती नेमली. समितीने म्हटलं, ५० खाटांपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलनेही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० खाटांपेक्षा मोठ्या हॉस्पिटलने सरकारी नर्सइतका पगार द्यावा. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून २०,००० रुपयांचा आकडा आणला. समितीची मात्र शिफारसच होती, अंमलबजावणी ज्या त्या राज्याने करायची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र, वेतन चिठ्ठी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत आणि जादा कामाला दुप्पट दर, हे सगळं त्यात आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, म्हणजे सफाईवाली ठेकेदाराची असली तरी हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत. पण यातले कागद मिळतात ते कामगाराला आणि तपासणी अधिकाऱ्याला. गावातल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही.

खरी अडचण कपाटांची आहे. १९४९ च्या मूळ कायद्यात, पात्र नर्स पुरेशा प्रमाणात नसतील तर हॉस्पिटलची नोंदणी नाकारता येते. ती माहिती आरोग्य खात्याच्या फाईलमध्ये, किमान वेतन कामगार खात्याकडे, पीएफ केंद्राच्या कार्यालयात. तिन्ही कपाटं एकमेकांशी बोलत नाहीत. नोंदणीचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी होतं. तेव्हाच एक पान जोडून घ्यावं : कर्मचारी किती, ठेक्यावर किती, किमान वेतन दिलं का, पीएफ कुठपर्यंत भरला, कामगार खात्याची नोटीस आहे का. कुणाचं नाव नको, कुणाचा वैयक्तिक पगार नको. तेच पान दरफलकाशेजारी लावायचं. नियम २०२१ मध्ये बदलता आले, तर पुन्हाही बदलता येतील.

दहा खाटा चालवणारा डॉक्टर म्हणेल, आधीच परवाने कमी आहेत का? त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून सुरुवात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलांपासून करावी. योजनेची बिलं उशिरा येतात ही त्यांची जुनी तक्रार आहे, ती सरकारने सोडवावीच. पण लोकांच्या पैशातून बिल घेणाऱ्याने लोकांना हिशोब दाखवायला काय हरकत?

तोवर मोबाईलवर एक गोष्ट करता येते. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो आणि ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. हॉस्पिटलचं नोंदणीकृत नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा भरणा झाला आणि किती जणांचा झाला ते दिसतं, लॉगिन लागत नाही. पाटीवरचं नाव आणि नोंदणीचं नाव वेगळं असू शकतं, ते बिलावर बघावं. मोठ्या हॉस्पिटलात सात-आठ जणांचाच भरणा दिसला तर बाकीचे ठेकेदाराच्या नावावर असतील, मग त्याचंही नाव टाकून बघावं.