आकड्यामागची नावे

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांची नोंद आहे. तेथील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांचे स्मरण केलेले आहे. ठिकठिकाणच्या ज्या कबरींची कायम निगा राखण्याची शाश्वती नव्हती, त्यांची ही सोय. १९६२ साली एकट्या शिवडीहून ६२९ जणांचे अवशेष येथे आणले गेले. साहेबाच्या कबरींचे एवढे कोडकौतुक कशाला, असा प्रश्न यावर हटकून विचारला जातो. परंतु १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचा खर्च सदस्य राष्ट्रे वाटून घेतात आणि त्यांत भारतही आहे. निगराणी कोणाची, हे तेथे ठरलेले आहे. खरा फरक पडतो तो येथेच.

आयोगाचे ब्रीद समान स्मरणाचे. ते पाळले गेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. आयोगानेच नेमलेल्या समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांच्या स्मरणात दुजाभाव झाला. त्यांत हिंदी सैनिक होते.

रणात पडलेल्यांची आठवण दगडात कोरून ठेवणे या भूमीला परके नाही. माजिवड्याहून निघणारा घोडबंदर रस्ता डोंगराला वळसा घालून ज्या अंगाला उतरतो, त्या बोरिवलीतील एकसरच्या वीरगळांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. साताऱ्याच्या आणि कोकणातील कित्येक गावांत १९१४-१९ च्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात. गावातून किती गेले, किती कामी आले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव एकही नाही. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळाही आहे. व्हिक्टोरिया क्रॉस ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांचे काय?

आयोगाच्या नोंदवह्यांत सैनिकाचे नाव, पलटण आणि पुष्कळदा बापाचे नाव व गावही सापडते. त्या आता सर्वांना पाहता येतात. नवे चबुतरे बांधून उद्घाटने करण्यापेक्षा गावच्या शाळेने, ग्रामपंचायतीने व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या नोंदी पडताळून जुन्या पाटीखाली नावांची दुसरी पाटी बसवावी. खर्च फारसा नाही. मूळ पाटीला मात्र जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट फासू नये.