ऊन पुरेसे, निचरा अपुरा

बहुवर्षायू फुलझाडांच्या वाफ्यासाठी भरपूर उन्हाची जागा राखून ठेवली की टॉर्च लिलीविषयीचे आपले कर्तव्य पार पडले, असा समज आपल्या व्यवसायात रूढ आहे. आणि तो समज निम्माच खरा असल्यामुळे, एका ऋतूत डौलाने फुललेले गड्डे पुढच्या ऋतूच्या आरंभी गाभ्यापासून कुजलेले पाहण्याचा प्रसंग चांगल्या चांगल्या बागाइतदारांवर येतो. या वनस्पतीला स्वच्छ ऊन लागते, याविषयी दुमत नाही. प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्याचा उलगडा तिच्या मूळभूमीत होतो.

टॉर्च लिली ज्या निफोफिया प्रजातीत मोडते तीत सुमारे ७० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेत, काही पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशांत, तर अगदी मोजक्या मादागास्कर व येमेन येथे आढळतात. ड्रेकन्सबर्ग पर्वताच्या ज्या गवताळ उतारांवर आणि ओढ्यांच्या काठी यांतील कित्येक जाती वाढतात, तेथे पाऊस उन्हाळ्यात पडतो व हिवाळा थंड, कोरडा असतो. म्हणजे वाढीच्या दिवसांत मुळांशी खेळते पाणी आणि विश्रांतीच्या दिवसांत कोरडी माती, असा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. इंग्लंडसारख्या देशात हा क्रम उलटतो. तेथील हिवाळी पाऊस निद्रिस्त गड्ड्याच्या गाभ्यात साचतो व त्यात थंडीची भर पडली की कूज सुरू होते; म्हणूनच तेथील जाणते माळी थंडीपूर्वी पाती वर गोळा करून गाभ्यावर बांधून टाकतात.

फुलोरा जवळून पाहिला तर तोही काही शिकवतो. खाली झुकलेल्या नळीसारख्या फुलांचा क्रम तळापासून वर उलगडत जातो, आणि पुष्कळ प्रकारांत कळी तांबडी व उमललेले फूल पिवळे असल्याने एकाच दांड्यावर दोन रंग दिसतात. या नळ्यांतील मधासाठी दक्षिण आफ्रिकेत शिंजीर कुळातील पक्षी येतात व परागण घडवतात. असा भरघोस मोहर धरण्याच्या सुमारास मुळांना पाण्याची ओढ बसली, तर दांडे खुरटतात. तेव्हा ‘अवर्षण सोसणारे झाड’ या ख्यातीवर विसंबून ऐन वाढीत पाणी तोडणे हीसुद्धा तितकीच मोठी कसूर होय.

यावरून लागवडीचा तपशील आपोआप ठरतो. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच करावा, भारी मातीत वाळू-खडी व कुजलेले खत मिसळावे, गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीला ठेवून दोन गड्ड्यांत दीड ते दोन फुटांचे अंतर राखावे, आणि नवी वाढ सुरू होताना विभागणी करून मांसल मुळे सुकण्यापूर्वीच लावणी उरकावी. विभागलेला गड्डा मुरण्यास एखादे वर्ष घेतो. तेवढी सबुरी ठेवावी. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी ही लागवड करणाऱ्यांना उन्हाळी पावसाचा क्रम अनुकूल असला, तरी सह्याद्रीच्या माथ्यावरील संततधारेत पाणी वाहून जाण्याची तजवीज उताराने किंवा चराने केलीच पाहिजे.

रोपवाटिकांच्या चालकांना मात्र एक वेगळी विनंती आहे. या प्रजातीतील जातींचा परस्परांशी संकर सहज होतो व बियांपासून आलेली रोपे मातृरोपासारखी निपजतीलच याची शाश्वती नसते. इंग्लंडमधील उद्यानकार बेथ चॅटो यांनी एसेक्समध्ये निवडलेला ‘लिटल मेड’ हा ठेंगणा, फिकट मलईरंगी प्रकार बियांवर वाढवून त्याच नावाने विकणे म्हणजे ग्राहकाची फसवणूकच. म्हणून प्रत्येक कुंडीवरील पट्टीत जातीचे नाव, रोप बियांचे की विभागणीचे याचा दाखला, आणि मूळ प्रदेशातील पावसाचा ऋतू, या तीन गोष्टी नमूद कराव्यात. या नोंदीला खर्च जवळजवळ नाही, आणि ती वाचून लावणी करणाऱ्याच्या हातून गड्डा कुजण्याचा संभव पुष्कळच कमी होईल. येत्या हंगामापासून ही पद्धत सर्वांनी अंगीकारावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.