मज्जारज्जूतील विद्युतप्रवाह आणि मालकीचा प्रश्न

मज्जारज्जूला इजा होऊन हातापायांतील शक्ती गेलेल्या माणसाला विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने पुन्हा हालचाल करता येते, अशा वार्ता अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. त्या खोट्या नाहीत. मात्र त्यांचा सगळा भर यंत्रावर असतो. यंत्र कोणाच्या पैशाने घडले आणि ते शरीरात बसविल्यावर त्याची जबाबदारी कोणाकडे राहणार, हे प्रश्न वार्ताहरांना सहसा पडत नाहीत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पडावयास हवेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत लुईव्हिल येथे २००९ साली, मोटारीच्या धडकेने पाय लुळे पडलेल्या एका तरुण खेळाडूच्या कमरेच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा इलेक्ट्रोडांची पट्टी बसविण्यात आली. सुसान हार्केमा, रेगी एजर्टन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, प्रवाह चालू असताना हा तरुण तोल सावरण्यापुरते साहाय्य घेऊन चार मिनिटांहून अधिक काळ स्वतःचे वजन पायांवर पेलू शकला, काही महिन्यांनी तो स्वेच्छेने पायही हलवू लागला. हा प्रवाह स्नायूंना झटके देऊन पाय उचलीत नाही. चालण्याची लय सांभाळणारे चेतापेशींचे जाळे कमरेच्या भागातील मज्जारज्जूतच असते. इजा वरच्या भागात झाली तर ते शाबूत राहते, पण मेंदूचा आदेश न पोहोचल्यामुळे निपचित पडते. संवेदी तंतूंना मंद प्रवाहाने चेतविले की ते जागे होते, आणि इजेतून बचावलेल्या मोजक्या तंतूंवाटे येणारा क्षीण आदेशही त्याला पुरतो.

वार्तांमध्ये गळून जाते ती गोष्ट निराळीच. या तरुणाने शस्त्रक्रियेपूर्वी २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रे पूर्ण केली होती. त्या सरावात पाय धरून टाकावयास प्रशिक्षक लागतात. प्रवाह सुरू झाल्यावरही सराव थांबला नाही. लोझान येथे ग्रेगॉर कुर्तीन व शल्यविशारद जोसलिन ब्लॉक यांनी २०१८ मध्ये प्रत्येक पावलाच्या वेळेशी प्रवाह जुळवून दाखविला, तेथेही कित्येक महिन्यांचा सराव होताच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेचीही गरज उरली नाही. मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून साठ रुग्णांना आधी दोन महिने नेहमीचा व्यायाम व नंतर दोन महिने प्रवाहासह व्यायाम देण्यात आला. ७२ टक्क्यांच्या हातांची शक्ती व उपयोग दोन्ही सुधारले. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे नमूद केलेच पाहिजे. तरी ज्याला चमचा धरावयास दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या दृष्टीने बोटांची चिमूट जमणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

आता मालकीकडे वळू. लुईव्हिलच्या संशोधनाला अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा पैसा व लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या प्रतिष्ठानाची मदत होती. लोझानची तंत्रविद्या संस्था स्विस संघराज्याची. तिच्यातून निघालेली ‘ऑनवर्ड’ ही कंपनी २०२१ मध्ये शेअरबाजारात आली, आणि मानेवरील यंत्रास डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. कोणीतरी यंत्र बनवून विकावयाचेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु भागधारकाचा धीर तिमाहीने मोजला जातो, आणि शरीरात बसविलेले यंत्र रुग्णाला पुढची तीस-चाळीस वर्षे वागवावयाचे असते. कॅलिफोर्नियातील ‘सेकंड साइट’ कंपनीने जगभर साडेतीनशेहून अधिक अंधांच्या डोळ्यांत दृष्टियंत्रे बसविली. धंदा परवडेना, म्हणून २०१९ मध्ये तिने ती बनविणे बंद केले आणि २०२० मध्ये बहुतेक नोकरवर्ग काढून टाकला. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला जावयाचे कोठे, हे त्या रुग्णांना सांगणारे कोणी उरले नाही.

आपल्या सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. परंतु स्टेंट एकदा बसला की त्याला कारखान्याची आठवण येत नाही. मज्जारज्जूवरील यंत्राला बॅटरी लागते, जुळणी बदलावी लागते, तारा सरकतात. त्यामुळे नुसती किंमत बांधून भागणार नाही. अशी यंत्रे सरकारी पैशाने घेताना त्यांचे आराखडे व संगणकप्रणाली सार्वजनिक संस्थेकडे ठेव म्हणून जमा असावी, आणि कंपनी बुडाल्यास दुरुस्तीचा व यंत्र काढून घेण्याचा खर्च भागेल असा निधी तिने आधीच भरावा, अशी अट हवी.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतील की, गरीब देशांत मज्जारज्जूची इजा झालेली माणसे अजून टाळता येण्याजोग्या शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरतात. तेथे ही चैन कशाला? आक्षेपातील पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मला मान्य नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळविण्यास घरच्यांना शिकविणारा आणि प्रवाह चालू असताना त्याच्याकडून सराव करून घेणारा माणूस एकाच पेशाचा आहे. जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञांची किती पदे मंजूर आहेत व त्यांतील किती भरलेली आहेत, हे कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. यंत्र येवो अथवा न येवो, ती पदे भरून घेण्याची मागणी आजच करता येईल.