चालकाची झोप आणि कायद्याचे माप

१९८९ साली उरणच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरच्या ट्रकांची रांग तेथील नित्याची बाब झाली. रात्री गाडी हाकावी, दिवसा रांगेत ताटकळावे, अशा चालकाने झोपेसाठी डायझेपामची गोळी घेतली तर नवल कसले? परंतु जाग आली म्हणजे गुंगी उतरली असे नव्हे. हे औषध दुसऱ्या दिवशीही रक्तात रेंगाळते. ब्रेकवर पाय क्षणभर उशिरा पडतो आणि चालकाला ते जाणवतही नाही. सर्दीवरील क्लोरफेनिरामाइनही असाच गुंगी आणते. वेष्टनावरील सूचना बहुधा इंग्रजीत. ती त्याला वाचून कोण दाखविणार?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मद्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम असे नेमके माप दिले. औषधांबाबत मात्र वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ, एवढीच मोघम कसोटी. श्वासतपासणीत दारू सापडते, गोळी नाही. आणि ज्या जागरणापायी गोळी घ्यावी लागते, त्याचे काय? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तासांचेच काम ठरविले होते. फेरीगणिक मजुरी मोजणाऱ्या मालकाला हे तास परवडत नाहीत. म्हणून नाक्यावर चालकाच्या श्वासाबरोबर त्याच्या कामाच्या तासांची नोंदवहीही तपासली जावी, आणि तिच्यावर सही मालकाची असावी.